ह्याच गल्लीतनं जायचंय

आमच्या घराला निवडणूक पेपरच्या आधी कळायची. तारखा जाहीर व्हायच्या आधीच अण्णा माळ्यावरचे कर्णे खाली काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे आणि अंगणात ओळीनं मांडून ठेवायचे, सगळ्यांची तोंडं आभाळाकडं. मग एकेका युनिटला वायर जोडून हॅलो हॅलो माईक टेस्टिंग एक दोन तीन चालू व्हायचं आणि शेजारच्या काकू ओट्यावरनं विचारायच्या, "लागलं का काय इलेक्शन?" सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, अण्णांचा लाऊडस्पीकरचा धंदा. लग्न, वास्तुशांत, गणपती, जत्रा असं वर्षभर काही ना काही असायचंच पण हातात चार पैसे यायचे ते निवडणुकीत. एका रिक्षावर दोन कर्णे, एक पुढं तोंड करून एक मागं, आत ॲम्प्लिफायर, बॅटरी, टेप आणि बोलायला एक पोरगा. दिवसाचं भाडं ठरलेलं, आणि कुठल्याबी पक्षाला तेच.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे २०२४ च्या विधानसभेच्या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेली एक क्लिप. बावीस सेकंदांची. आमच्याच भागातला एक उमेदवार माईकवर म्हणतोय की शेतकऱ्याला फुकटची सवय लागलीय. खाली संतापलेल्या इमोजींची रांग. पाठवणारा माझा सख्खा मामा. मी ते पूर्ण भाषण शोधून ऐकलं, अर्धा तास गेला माझा, आणि त्यात तो माणूस म्हणत होता, "विरोधक म्हणतात, शेतकऱ्याला फुकटची सवय लागलीय, मी म्हणतो, तुम्ही एक दिवस बांधावर या." आधीचे दोन शब्द कापलेले, नंतरचं वाक्य कापलेलं, मधलं तेवढं ठेवलेलं. त्या माणसाला मी मत देणार होते की नाही हा भाग वेगळा. पण ती क्लिप बघितल्यापासून मला १९९५ ची एक रात्र सारखी आठवतेय.

त्या निवडणुकीत अपक्षांचं पीक आलं होतं. राज्यात ४५ अपक्ष निवडून आले, म्हणजे न आलेले किती असतील ते बघा, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपली स्वतःची कॅसेट पाहिजे होती. पक्षवाल्यांच्या कॅसेटी मुंबई-पुण्यातनं भरून यायच्या, अपक्षाला कोण देणार, मग ते अण्णांकडं यायचे. आमच्या मागच्या खोलीत दाराखिडक्यांवर वाकळा टांगायच्या म्हणजे बाहेरचा आवाज येत नाही, कोपऱ्यात पेटी, ढोलकी आणि गायला शाहीरकाका. दिवसा ते सोसायटीच्या खताच्या गोडाऊनवर कामाला, पण आवाज असा की पोत्यांच्या थप्पीमागनं नुसतं बोलले तरी रस्त्यावरचा माणूस थांबायचा. चाल सिनेमातली, शब्द उमेदवाराचे, आणि टेपवर पॉझचं बटण दाबून धरायला मी, वय वर्षं बारा. कॅसेटच्या पाठीवरची खिट्टं मोडलेली असली की तिथं कागदाचा बोळा कोंबायचा, म्हणजे जुन्यावर नवीन भरता येतं, हे मला तेव्हाच शिकवलेलं.

त्या रात्री उमेदवाराचा माणूस एका कागदावर कडवी लिहून घेऊन आला. त्यात एक ओळ होती की समोरच्यानं शाळेच्या खोल्यांचं पैसं खाल्लं. ओळ यमकात इतकी फिट बसली होती की शाहीरकाकांनी ती म्हणल्यावर खोलीतले सगळे वा वा करायला लागले, ढोलकीवाल्यानं तर तिथंच दोन थापा जास्तीच्या मारल्या. रेकॉर्डिंग झालं. आईनं चहा आणला. काका कप हातात धरून बराच वेळ गप्प बसले आणि मग त्या माणसाला म्हणाले, "कागद हाय का ह्याचा तुमच्याकडं?" तो म्हणाला, "आवो सगळ्या गावाला म्हायतीय." काका म्हणाले, "गावाला म्हायती असंल. मला न्हाई. ती ओळ काढा." त्यानं पन्नास रुपये जास्ती देतो म्हणून बघितलं. काकांनी कप खाली ठेवला. "पैशाचं न्हाई वो. मला उद्या ह्याच गल्लीतनं जायचंय."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, रिवाइंड कर.

मी रिवाइंड केलं. त्या जागी नळाला पाणी येत नाही त्याची ओळ बसली, यमक काही तितकं जमलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा तीच कॅसेट वाजवत गावभर फिरली. ज्याच्याबद्दल ती ओळ होती त्याच्या चुलत्याचं घर आमच्याच आळीत. काका रोज सकाळी त्यांच्या दारावरनंच गोडाऊनला जायचे.

मला वाटतं त्या काळच्या प्रचाराच्या गाण्यांबद्दल आपण नुसतं आठवण म्हणून बोलतो, ताई माई अक्का विचार करा पक्का वगैरे, पण त्यात एक गोष्ट होती ती आपल्या लक्षात येत नाही. एकाच गल्लीतनं सगळ्यांच्या रिक्षा जायच्या. सकाळी धनुष्यबाण, दुपारी हात, चार वाजता कपबशीवाला अपक्ष. तुम्ही कुणाचेही असा, तुम्हाला सगळ्यांचं ऐकायला लागायचं, दार लावून घेतलं तरी ऐकू यायचं. आमच्या आजीला तर सगळ्या पक्षांची गाणी पाठ. भाकऱ्या थापताना ती जे गाणं गुणगुणायची ते ती ज्याला मत देणार नाही त्याचं असायचं, चाल चांगली म्हणून. आणि शिक्का जाऊन बटण आलं तरी, २००४ च्या लोकसभेपासून सगळीकडं मशीनच आली, अक्का आणि पक्काला जोडी शिक्क्याचीच लागते म्हणून पोरं रिक्षात बसून अजूनही शिक्काच मारायला सांगत होती. गाण्याचं तसंच असतं, एकदा कानात बसलं की मागचं जग बदललं तरी ते बदलत नाही.

आणि गाण्यातनं राजकारण हे काही आमच्या मागच्या खोलीत सुरू झालेलं नाही. महाराष्ट्राला तर ही सवय फार जुनी. जोतिराव फुल्यांनी शिवाजीराजांवरचा पोवाडा लिहिला १८६९ मध्ये, सत्यशोधक समाज स्थापन झाला १८७३ ला, म्हणजे पोवाडा संघटनेच्याही आधी आला. मग सत्यशोधकी जलसे, मग आंबेडकरी जलसे, तमाशाचाच साचा पण गण-गवळणीच्या जागी शिक्षणाचं आणि पाणवठ्याचं बोलणं. ज्यांना अक्षर येत नव्हतं, ज्यांच्यापर्यंत पेपर पोचत नव्हता आणि पोचला तरी त्यात त्यांचं काही नसायचं, त्यांचं सगळं राजकारण ह्या फडावर उभं राहिलं. वामनदादा कर्डकांसारखा माणूस मुंबईत दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत अक्षर शिकला आणि गावोगाव जाऊन गात राहिला.

संयुक्त महाराष्ट्राचं तर काय सांगायचं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर, लाल बावटा कला पथक. अण्णा भाऊंच्या त्या मैनेच्या छक्कडीचं मला नेहमी नवल वाटतं. सुरुवातीला ते नुसतं एका गिरणी कामगाराचं दुःख आहे, बायको गावाकडं आणि हा मुंबईत, जिवाची काहिली होतेय. ऐकणारा प्रत्येक जण तोच, त्याची पण बायको गावाकडंच. आणि मग गाणं पुढं जातं तसं ती विरहाची गोष्टच बेळगाव-कारवारची होऊन जाते, महाराष्ट्राचा तोडलेला तुकडा म्हणजेच ती मागं राहिलेली मैना. नकाशा बघून कुणाला रडू येत नाही. ह्या माणसानं नकाशाला बाईचा चेहरा दिला. १ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव आलं नाही, पण ते गाणं अजूनही कुठल्याबी गावात पहिली ओळ घेतली की लोक पुढची म्हणतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्मिक निघालं, व्यंगचित्रांचं साप्ताहिक, आणि सहा वर्षांत त्यातनं शिवसेना नावाचा अख्खा पक्ष उभा राहिला. चित्रं आणि मुंबईतल्या कंपन्यांत नोकरीला असलेल्या परप्रांतीयांच्या नावांच्या याद्या. हे पण लोकप्रिय माध्यमच की. म्हणजे आज जे म्हणतात ना, की सोशल मीडियामुळं राजकारण थिल्लर झालं, पूर्वी कसं गंभीर होतं, ते मला पटत नाही. पूर्वीही गाणं होतं, वग होता, चित्र होतं, टवाळी होती आणि ती भरपूर होती. मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

पण आधी २०१९ बद्दल सांगते, कारण ते वर्ष ह्या बाबतीत शाळेसारखं होतं, सगळे धडे एकाच वर्षात.

गुढीपाडव्याला शिवाजी पार्कवर राज ठाकरेंची सभा झाली, मागं मोठा पडदा, आणि मग नांदेड, सोलापूर, इचलकरंजी करत ते महाराष्ट्रभर फिरले. लाव रे तो व्हिडिओ. त्यांचा पक्ष ती लोकसभा लढवतच नव्हता. मोदींची जुनी भाषणं दाखवायची, मग आताची दाखवायची, सरकारी जाहिरात दाखवायची आणि मग त्याच गावात जाऊन केलेलं शूटिंग दाखवायचं. मेळघाटातलं हरिसाल, डिजिटल गाव म्हणून ज्याची जाहिरात झाली होती, त्या जाहिरातीत झळकलेला पोरगाच त्यांनी सोलापूरच्या स्टेजवर आणून उभा केला. अण्णा ते टीव्हीवर बघताना खुर्चीत पुढं सरकून बसायचे. त्यांचं लक्ष वेगळीकडंच. म्हणायचे, चाळीस वर्षं मी स्टेजच्या मागं बसलोय, पुढाऱ्याचं आमच्याशी बोलणं म्हणजे ए आवाज वाढव, ए शिट्टी मारतंय बघ. हा पहिला पुढारी, ज्याचं भाषण ऑपरेटरच्या जिवावर हाय. आणि खरंच होतं ते, एका सेकंदाचा उशीर झाला असता तर सगळा डाव फसला असता.

लोक हसले, टाळ्या वाजवल्या, ते चार शब्द लग्नाच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगला, सगळीकडं म्हणले जायला लागले. शेवटी भाजपनं पण व्हिडिओ लावूनच उत्तर दिलं. आणि निकाल? ४८ पैकी ४१ जागा युतीला. आमच्या ऑफिसात सगळे चक्रावले, एवढ्या सभा गाजल्या मग मतं कुठं गेली. अण्णांना काही आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, "गर्दी आवाजाला येती. मत घरात बसून ठरतं. आन त्यांनी सांगितलं काय, ह्याला देऊ नका. मग द्यायचं कुणाला, त्याचं बटण कुठाय?" मला वाटतं ह्याच्यापेक्षा जास्त काही त्यावर म्हणायला नको.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरा धडा, आणि तो आमच्या दारात. १८ तारखेला साताऱ्यात शरद पवारांची सभा, उदयनराजे पक्ष सोडून भाजपात गेलेले, लोकसभेची पोटनिवडणूक, आणि भाषण चालू असताना पाऊस आला. ऐंशीच्या घरातला माणूस छत्री बाजूला सारून भिजत बोलत राहिला आणि म्हणाला की मागच्या वेळी उमेदवार निवडताना माझी चूक झाली. मी पुण्यात सिंहगड रोडला घरी भाजी चिरत होते, फोन वाजायला लागला तो थांबेचना, दहा ग्रुपवर तोच फोटो. अण्णा मैदानात होते, धंदा बंद केल्यावर नुसते ऐकायला गेलेले. रात्री फोनवर मला म्हणाले, त्या माईकवाल्याचं काळीज बघ पोरी, असल्या पावसात मेन चालू ठेवला त्यानं, माईकला करंट उतरला असता म्हंजे. मी विचारलं, लोक उठले नाहीत का? म्हणाले, खुर्च्या उलट्या करून डोक्यावर धरल्या आन उभं ऱ्हायलं.

पवारांचे उमेदवार श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजारांनी निवडून आले. पुढं कितीतरी पुढारी पावसात भिजले, काही तर पावसाची वाट बघत थांबले असतील असं वाटावं इतके फोटो आले, पण त्याचं तसं काही झालं नाही. मला वाटतं कारण साधं आहे. साताऱ्यातल्या लोकांच्या मनात ती गोष्ट आधीच होती, घड्याळावर निवडून दिलेला माणूस चार महिन्यांत गेला ह्याचा राग आधीच होता, त्या पावसाच्या व्हिडिओनं फक्त त्याला चेहरा दिला. मैनेसारखाच. आणि मैदानात खरी माणसं होती, तो माणूस त्यांच्या समोर उभा होता, चूक कबूल करताना त्यांच्याकडं बघत होता.

मी पुन्हा येईनचं तर सगळ्यांना माहितीच आहे, २०१९ ला विधानसभेत म्हणलेलं वाक्य, मग चेष्टा, मग ८० तासांचं सरकार, मग आणखी चेष्टा, आणि ५ डिसेंबर २०२४ ला फडणवीसांनी शपथ घेतली तेव्हा तेच वाक्य त्यांच्या बाजूच्या लोकांनी अभिमानानं स्टेटसला ठेवलं. मीमचं मालक कुणीच नसतं, एवढंच.

आता ज्याच्यावर मला खरं बोलायचंय ते. जून २०२२. विधान परिषदेच्या मतदानाच्या रात्री एकनाथ शिंदेंबरोबर शिवसेनेचे आमदार बंड करून सुरतला गेले, तिथून गुवाहाटीला. आणि मग ती फोनची ऑडिओ क्लिप आली, सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील कार्यकर्त्याला सांगतायत, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्के. मला ती प्रचंड आवडली. का नाही आवडणार, ती आमच्याकडची भाषा आहे, माण-खटावपासून सांगोल्यापर्यंत माणसं अशीच बोलतात, पुण्यात आल्यावर जी भाषा मी ऑफिसात दाबून ठेवली ती अचानक सगळ्या चॅनेलवर, सगळ्यांच्या तोंडी. डोंगाराला काना देऊन बोलणारा माणूस हिरो झाला. मी ते स्टेटसला ठेवलं, त्याच्यावर निघालेलं डीजेचं गाणं पण ठेवलं. दोन दिवस आमच्याकडं दुसरं बोलणंच नाही. तिसऱ्या दिवशी गावी गेले तर अण्णांनी मला ते फोनवर लावायला सांगितलं, पूर्ण ऐकलं, हसले, पुन्हा लाव म्हणाले, पुन्हा हसले. आणि मग म्हणाले, "पर त्या हाटीलात गेल्यात कशापायी, ते कुणी इचारलं का त्यास्नी?"

मला एकदम चटका बसला. कारण तीन दिवस माझ्या डोक्यात तो प्रश्नच आला नव्हता. राज्यातलं सरकार हलत होतं, निवडून दिलेली माणसं कितीतरी राज्यं ओलांडून एका हॉटेलात होती, तिथला खर्च कोण करतंय, ती कुणाला भेटतायत, पक्षांतरबंदीचा कायदा काय म्हणतो, आणि मी झाडी-डोंगार करत होते. हसू आधी पोचलं आणि दार लावून बसलं, मागनं येणारा प्रश्न बाहेरच राहिला.

बरं, पुढं दुसऱ्या बाजूनं पण तेच केलं. ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी घोषणा सुरू केली, पन्नास खोके एकदम ओक्के. तेच ओक्के, तिथलंच उचललेलं. घोषणा जबरदस्त, गणपतीच्या मिरवणुकीत पोरं म्हणायला लागली, लहान मुलं म्हणायला लागली. पण आरोप केवढा मोठा, बंडखोर आमदारांनी प्रत्येकी पन्नास कोटी घेतल्याचा! आणि तो एकदा यमकात बसल्यावर, कागद हाय का, हे कुणी विचारायचं राहिलंच नाही. ज्यांनी केला त्यांना दाखवायला लागला नाही, ज्यांच्यावर केला त्यांना नीट उत्तर द्यायला लागलं नाही, दोघांचंही चाललं. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांचा. शेकडो पानं. त्यातली एक ओळ तरी कुणाला आठवते का बघा, आणि झाडी डोंगार विचारा. सांगोल्यात २०२४ ला बापू पडले, शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख आले, तिथल्या लोकांनी आपला हिशोब आपल्या पद्धतीनं केला असणार, गाणं बाजूला ठेवून.

आणि त्या बंडाच्या पाचच आठवडे आधी, १३ मेला, धर्मवीर आला होता, ठाण्यातले शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्यावरचा सिनेमा. दिघे २००१ ला गेले, ठाण्याबाहेर आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना ते नावापुरतेच माहीत. मी तो सिनेमा भरलेल्या थेटरात बघितला आणि मला रडू आलं, हे मी लपवणार नाही. बाहेर पडताना एकनाथ शिंदे माझ्यासाठी एक मंत्री राहिले नव्हते, गुरूसाठी रडणारा शिष्य झाले होते. जूनमध्ये टीव्हीवर गुवाहाटी दिसली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तोच सिनेमा होता. दुसरा भाग सप्टेंबर २०२४ ला आला, विधानसभेच्या दोन महिने आधी. सिनेमानं राजकारण करू नये असं मी म्हणत नाही, तमाशानं केलंच की. पण थेटरातनं आपण आपलं मन कुठं ठेवून आलो हे घरी आल्यावर तरी बघितलं पाहिजे, आणि मी बघितलं नव्हतं.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. ज्यांनी स्वतःचा चेहरा दाखवून, स्वतःच्या नावानं गाणं म्हणलं, त्यांच्यावर कारवाई होते. २०२३ मध्ये सत्ताधाऱ्यांवर रॅप करणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरानं जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर शिंदेंवर गाणं म्हणलं, आणि खारमधला तो स्टुडिओ शिवसैनिकांनी जाऊन फोडला. चाल सिनेमाची आणि शब्द आपले, आमच्या मागच्या खोलीत जे चालायचं तेच. गाणं आवडलं नाही तर उलटं गाणं करा, कोर्टात जा, आमच्या गावात तर एका कॅसेटला दुसऱ्या दिवशी दुसरी कॅसेट उत्तर द्यायची. पण खुर्च्या फोडून काय मिळतं? आणि जो बिननावाचा माणूस कुठंतरी बसून दोन शब्द कापतो, त्याला मात्र कुणी हात लावत नाही, कारण तो आहे कुठं हेच कुणाला माहीत नाही.

निशाणीचं पण असंच झालं आमच्याकडं. २०२४ ला पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस ही निशाणी मिळाली, गाणी निघाली, रील निघाले, सभेत खऱ्या तुताऱ्या वाजल्या, सगळ्या जिल्ह्याच्या कानात एकच शब्द, तुतारी. आणि मशीनवर एका अपक्षाला ट्रम्पेट, म्हणजे आपली पिपाणी, तिचंही मराठी नाव यादीत तुतारीच. साताऱ्यात त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली आणि पवारांचे उमेदवार शशिकांत शिंदे ३२ हजारांनी पडले. कानात बसलेला शब्द किती ताकदीचा असतो आणि किती आंधळा असतो, दोन्ही त्यात आलं.

२०१६ च्या सप्टेंबरला जिओ आलं, आणि दोन-तीन वर्षांत आमच्या गावात ज्याच्या घरी पेपर येत नव्हता त्याच्या हातात व्हिडिओ आला. चांगलं पण झालं त्यातनं खूप, ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं ते बोलायला लागले, गावातली पोरं ग्रामसभेचं लाइव्ह करायला लागली. पण १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते मी विसरू शकत नाही. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी, बाजाराच्या दिवशी तिथं गेली आणि मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं त्यांना ठार मारलं. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर तसल्या अफवांचा पूर होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्ड पाच जणांपुरतं मर्यादित केलं. पाच माणसं गेल्यावर पाचचा आकडा आला, हे मला तेव्हा वाचून कसंतरीच झालं होतं. ती माणसं पण शाहीरकाकांसारखी गाणारीच, फक्त गावोगाव फिरून देवाचं गाणारी. त्यांच्याबद्दलची ओळ कुणी लिहिली, कुणी भरली, कुणाला रिवाइंड कर म्हणून सांगायचं?

आता गल्लीतनं रिक्षा जाते तेव्हा कुणी बाहेर येत नाही. गेल्या निवडणुकीत एलईडी स्क्रीनची गाडी आमच्या चौकात तासभर उभी होती, मोठं गाणं, मोठी चित्रं, आणि समोरच्या कट्ट्यावर बसलेली पाच पोरं आपापल्या फोनमध्ये. एकाचा फोन त्याला एकाच पक्षाचं दाखवतो, दुसऱ्याचा दुसऱ्या. माझ्या ज्या आजीला नुसत्या चालीसाठी विरोधकाचं गाणं पाठ होतं, तिच्या नातवाला विरोधकाचं गाणं आहे हेच कळत नाही, आणि कळलं तर ते शिवीसकट कळतं.

२०२४ च्याच डिसेंबरमध्ये मावसबहिणीचं लग्न होतं. मामा आला होता. माझा मामा फार प्रेमळ माणूस आहे, माझ्या कॉलेजची फी त्यानं दोन वर्षं भरलीय, म्हणून मी ग्रुपवर काही बोलले नव्हते. जेवणं झाल्यावर मांडवाच्या मागं खुर्च्या टाकून बसलो होतो, तेव्हा मी त्याला फोनवर ते पूर्ण भाषण ऐकवलं. विरोधक म्हणतात, तिथपासनं. त्यानं दोनदा ऐकलं. म्हणाला, "आगं मला आलं, मी पुढं पाठवलं. मी काय केलंय व्हय ते?"

अण्णा शेजारी बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, चाळीस वर्षं कर्ण्याजवळ बसून कान गेलेत, त्यांनी मला फोन कानाला लावायला सांगितला आणि आधी तुकडा ऐकला मग पूर्ण ऐकलं. मग मामाला म्हणाले, "दाजिबा, हे तू चौकात हुबा ऱ्हाऊन तुझ्या तोंडानं बोलशील का? त्या माणसाच्या दारावरनं जातूस तू दुधाला."

मामा काही बोलला नाही. मांडवात कुणीतरी माईक टेस्टिंग करत होतं. त्यानं खिशातनं फोन काढला, चष्मा वर केला, आणि ग्रुप उघडून वर वर सरकवत राहिला, लग्नाचे फोटो, गुड मॉर्निंग, पत्रिका, आणखी वर. क्लिप सापडली. त्यानं तिच्यावर बोट दाबून धरलं आणि माझ्यापुढं फोन धरला.

"सगळ्यांचं मिटवा असं येतंय का बघ."

मी बघितलं. महिना होऊन गेला होता. फक्त माझ्यासाठी मिटवा, एवढंच येत होतं.